तुकड्या-तुकड्यांचे विमान

अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी लिहितात आणि दिवस नंतर. त्यामुळे ८ जुलै २००७ ही तारीख तिकडे ७-८-७ अशी लिहिली जाते. बोइंग कंपनीने आपल्या ७८७ या नव्या प्रवासी विमानासाठी हा मुहूर्त मुद्दाम साधला होता. सिएटलजवळच्या एव्हरेट येथील कारखान्यात त्या दिवशी सुमारे १५ हजार माणसे जमली होती. कारखान्याचे अवाढव्य दरवाजे उघडले आणि एक देखणे विमान लोकांसमोर आले. टाळ्यांचा कडकडाट झाला. तोवर या विमानाच्या ६७७ प्रतींची मागणी नोंदवली गेली होती. एवढ्या आकाराच्या कोणत्याही विमानाला उड्डाणापूर्वी असा प्रतिसाद मिळाला नव्हता.

विमान देखणे होते, पण ते पुरे झालेले नव्हते. आत वायरिंग नव्हते, यंत्रणा नव्हत्या, बसायच्या जागाही नव्हत्या. जिथे विमानासाठी खास बनवलेले जोडखिळे हवेत, तिथे बऱ्याच ठिकाणी तात्पुरते बसवले होते आणि त्यातले काही चक्क हार्डवेअरच्या दुकानातून आणले होते. समारंभ आटोपल्यावर ते विमान आत नेऊन पुन्हा उकलावे लागले. दोन महिन्यांत ते आकाशात झेपावेल असे जाहीर झाले होते. प्रत्यक्षात ते उडाले १५ डिसेंबर २००९ रोजी, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षांनी. आपल्याकडे म्हणतात ना, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातलाच हा प्रकार.

बोइंग ही काही नवशिकी कंपनी नव्हे. ७०७ पासून ७७७ पर्यंत निम्म्या जगाला तिने उडायला शिकवले. मग अशा कंपनीची एवढी फजिती का व्हावी? याचे उत्तर विमानशास्त्रापेक्षा कारखानदारीच्या एका साध्या प्रश्नात दडलेले आहे. कोणते काम बाहेर द्यावे आणि कोणते आपल्या हातात ठेवावे, हा तो प्रश्न. पिंपरी-चिंचवड, सातपूर, वाळूज, हिंगणा इथल्या हजारो घरांची चूल बाहेरून आलेल्या जॉबवर्कवर पेटते. तेव्हा हा प्रश्न आपल्याही परिचयाचा आहे.

थोडे मागे जाऊ या. २००१ साली बोइंगच्या डोक्यात एक वेगळेच विमान होते. ध्वनीच्या वेगाच्या अगदी जवळ जाणारे, म्हणून त्याचे नाव सॉनिक क्रूझर. पण त्याच वर्षी ११ सप्टेंबरचा हल्ला झाला, विमान कंपन्यांचे कंबरडे मोडले आणि त्यांनी सांगितले, आम्हाला वेग नको, इंधनात बचत हवी. डिसेंबर २००२ मध्ये सॉनिक क्रूझर गुंडाळले गेले. त्याच्या जागी जे विमान कागदावर आले तेच पुढे ७८७ झाले. लोकांकडून मते मागवून त्याला ड्रीमलायनर, म्हणजे स्वप्नातले विमान, असे नाव दिले गेले. एप्रिल २००४ मध्ये जपानच्या ऑल निप्पॉन एअरवेज या कंपनीने ५० विमानांची मागणी नोंदवली आणि काम सुरू झाले. त्याच आकाराच्या जुन्या विमानांपेक्षा सुमारे २० टक्के कमी इंधन, हे त्याचे मुख्य आश्वासन.

ही बचत साधायची कशी? एक तर नवी इंजिने. दुसरे म्हणजे हलके अंग. आजवर विमाने ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची होती. ७८७ चे वजनाने निम्मे अंग कार्बनच्या तंतूंचे करायचे ठरले. केसाहून बारीक असे हे तंतू, त्यांच्या रेझिनमध्ये भिजवलेल्या पट्ट्या फिरत्या साच्यावर गुंडाळायच्या आणि मग तो साचा एका प्रचंड भट्टीत घालायचा. घरातला प्रेशर कुकर घराएवढा मोठा केला तर जसा दिसेल तशी ही भट्टी. उष्णता आणि दाब यांनी ते सगळे एकजीव होते आणि विमानाच्या धडाचे अखंड नळकांडे तयार होते. अशा एका नळकांड्यामुळे सुमारे १,५०० पत्रे आणि ४० ते ५० हजार जोडखिळे वाचतात, असे बोइंगचे म्हणणे होते. तिसरे म्हणजे, जुन्या विमानात जी कामे इंजिनातून काढलेल्या गरम हवेवर चालत, त्यातली बरीचशी इथे विजेवर चालणार होती. म्हणजे साहित्य नवे, वीज-यंत्रणा नवी. एका विमानाला एवढे नावीन्य पुष्कळ झाले असते. पण बोइंगने त्याच वेळी विमान बनवण्याची पद्धतही बदलायची ठरवली.

बाहेरून काम करून घेणे बोइंगला नवे नव्हते. १९९० च्या दशकातल्या ७७७ विमानाच्या अंगाचा जवळजवळ पाचवा हिस्सा जपानी कंपन्यांनी बनवला होता. पण तेव्हा रीत अशी होती की आराखड्याची सूत्रे बोइंगच्या हाती. जपानी अभियंते सिएटलला येऊन बोइंगच्या माणसांच्या मांडीला मांडी लावून बसत. नकाशा पक्का झाला की त्याप्रमाणे भाग बनवून द्यायचा. आपल्याकडचा जॉबवर्कवाला ड्रॉइंग घेऊन जातो आणि त्याबरहुकूम माल आणून देतो, तसेच.

७८७ च्या वेळी ही रीत उलटी झाली. आता बोइंगने भागीदारांना सांगितले, की आम्ही ढोबळ गरजा सांगू. तपशिलाचा आराखडा तुम्ही करा, साचे तुम्ही बनवा, त्याचा खर्च तुम्ही घाला, छोटे पुरवठादार तुम्हीच निवडा. आमच्याकडे पूर्ण तयार झालेला मोठा तुकडा पाठवा. तुमचे पैसे विमाने गिऱ्हाइकाच्या हाती पडू लागल्यावर मिळतील. सुमारे ७० टक्के काम अशा रीतीने बाहेर गेले. पंख जपानमधल्या नागोयाला मित्सुबिशीकडे, धडाचा पुढचा भाग तिथेच कावासाकीकडे, दोन पंखांना जोडणारी मधली पेटी फुजीकडे. धडाचे मधले भाग इटलीत ग्रोताल्ये येथे अलेनिया कंपनीकडे, मागचा भाग अमेरिकेतच दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनला व्हॉट कंपनीकडे, नाकाचा भाग कॅन्सासमधल्या स्पिरिट कंपनीकडे. दरवाजे फ्रान्सचे. हे तुकडे वाहून आणायला बोइंगने चार जुनी जंबो जेट विमाने फुगवून घेतली. पोटुशा दिसणाऱ्या या विमानांतून पंख आणि धडे समुद्र ओलांडून येणार आणि एव्हरेटला तीन दिवसांत विमान जुळून तयार होणार, असा हिशेब होता. मुलांच्या खेळण्यातले ठोकळे बसवावेत तसा.

हा हिशेब कोणी आणि का मांडला? १९९७ साली बोइंगने मॅकडोनेल डग्लस ही कंपनी आपल्यात विलीन करून घेतली. नंतर तिथे एक वाक्य चेष्टेने म्हटले जाई, की बोइंगच्या पैशाने मॅकडोनेल डग्लसने बोइंग विकत घेतली. कारण वरच्या खुर्च्यांवर त्या कंपनीतली माणसे आणि त्यांची आर्थिक दृष्टी येऊन बसली होती. २००१ मध्ये मुख्य कचेरी सिएटलहून शिकागोला हलली. कारखाना एकीकडे आणि साहेब दूर दुसरीकडे. या नव्या दृष्टीला कारखाना, यंत्रे, कुशल कामगार ही सगळी अडकून पडलेली रक्कम वाटत होती. नवे विमान करायचे, पण त्यात स्वतःचा पैसा कमीत कमी घालायचा, ही अट होती. धोका वाटून घेण्याची भाषा तिथून आली.

या सगळ्यावर एका माणसाने आधीच बोट ठेवले होते. जॉन हार्ट-स्मिथ हा मूळचा मॅकडोनेल डग्लसचाच अभियंता, कार्बन तंतूंच्या जोडकामातला जाणकार. फेब्रुवारी २००१ मध्ये बोइंगच्याच एका अंतर्गत तांत्रिक परिषदेत त्याने एक निबंध मांडला. त्याचा रोख सरळ होता. काम बाहेर दिले की त्याबरोबर नफाही बाहेर जातो. शिवाय पुरवठादारांना तांत्रिक मदत करायची, त्यांच्या कामावर नजर ठेवायची, तुकडे एकमेकांत बसतील हे पाहायचे, हा खर्च मुख्य कंपनीच्याच माथी राहतो. आणि हे तिने केले नाही, तर तिचे काम तिच्या सर्वांत कच्च्या पुरवठादारापेक्षा चांगले होऊ शकत नाही. पुराव्यादाखल त्याने स्वतःच्या जुन्या कंपनीच्या डीसी-१० विमानाचा दाखला दिला. तिथे पुरवठादारांनी नफा कमावला होता आणि वाढीव खर्च मुख्य कंपनीने सोसला होता. निबंध वाचला गेला, त्याच्या प्रती हातोहात फिरल्या, पण निर्णय बदलले नाहीत.

मग त्याने लिहिले तसेच घडत गेले. सुरुवात जोडखिळ्यांपासून झाली. ११ सप्टेंबरनंतर मागणी आटल्यामुळे हे खिळे बनवणाऱ्या कारखान्यांनी माणसे कमी केली होती. एकदम मोठी मागणी आली तेव्हा माल मिळेना. रुपयाचा खिळा नाही म्हणून कोट्यवधींचे विमान अडले. मग भागीदारांकडून तुकडे येऊ लागले, पण अपुरे. आतले वायरिंग, नळ्या, कंस बसवून यायला हवे होते, ते बसवलेच नव्हते. उरलेले काम एव्हरेटच्या कामगारांनी करायचे. पण त्यांच्यापाशी त्या भागाची कागदपत्रे धड नव्हती, कारण तो भाग त्यांच्या कंपनीने आखलाच नव्हता. पहिल्याच विमानाचे कॅन्सासहून आलेले नाक जपानहून आलेल्या धडाला लावले, तेव्हा एका ठिकाणी काही मिलिमीटरची फट राहिली. ॲल्युमिनियमचा पत्रा थोडा ओढूनताणून बसवता येतो. कार्बनचे नळकांडे तसे ऐकत नाही. आतल्या जोडण्या सोडवून आणि पुन्हा जुळवून ती फट मिटवावी लागली.

इथे थोडे स्वतःविषयी सांगतो. विमानाशी माझा संबंध प्रवाशापुरताच. पण वाहन उद्योगात मी सत्तावीस वर्षे काढली आणि त्यातली निम्मी पुरवठादारांकडून माल घेण्याच्या खात्यात. एकदा एका गिअरबॉक्सचे झाकण आणि त्याचे घर असे दोन भाग आम्ही दोन वेगळ्या वर्कशॉपना दिले होते. माल आला. दोघांचे तपासणीचे कागद चोख. दोघांची मापे ड्रॉइंगच्या मर्यादेत. आणि असेंब्लीला मात्र सहापैकी दोन बोल्ट काही केल्या आत जाईनात. दोघेही छातीवर हात ठेवून सांगत होते, साहेब, आमचा माल बरोबर आहे. आणि खरेच बरोबर होता. शेवटी आमच्या एका जुन्या फिटरने दोघांनाही आपापले गेज घेऊन एका टेबलाशी बसवले, तेव्हा उलगडा झाला. एकाने भोकांचे अंतर डाव्या कडेपासून धरले होते, दुसऱ्याने उजव्या. दोघांची सूट जिथे एकत्र आली तिथे बोल्ट अडकत होता. दोन तुकडे निर्दोष असूनही त्यांचा सांधा सदोष असू शकतो. आणि तो सांधा दोघांपैकी कोणाच्याही बिलात लिहिलेला नसतो. तो पाहायचे काम, दोन्ही तुकडे ज्याने मागवले त्याचे.

आमच्या बाबतीत हे काम एका दुपारी उरकले, कारण दोन्ही वर्कशॉप सायकलच्या अंतरावर होती. बोइंगचे टेबल नागोया, ग्रोताल्ये, चार्ल्सटन आणि कॅन्सास असे पृथ्वीभर पसरले होते. कोणाचे काम कुठवर आले ते कळावे म्हणून सगळ्यांना जोडणारी संगणक यंत्रणा होती. पण अडचण पुरवठादाराने स्वतः नोंदवली तरच ती पडद्यावर दिसणार. आणि आपली अडचण गिऱ्हाइकाला आपणहून सांगण्याची हौस कोणाला असते?

२००८ साल उजाडले. सप्टेंबरमध्ये बोइंगच्या कारागिरांनी संप पुकारला. तो जवळजवळ दोन महिने चालला आणि बाहेर जाणारे काम हा त्यातला एक कळीचा मुद्दा होता. नोव्हेंबरात लक्षात आले की बसवलेल्या जोडखिळ्यांपैकी काही चुकीच्या रीतीने बसले आहेत. ते शोधून पुन्हा बसवावे लागले. २००९ च्या मे महिन्यात पंख वाकवून पाहण्याची चाचणी झाली. मित्सुबिशीचा पंख आणि फुजीची मधली पेटी जिथे एकत्र येतात, नेमक्या त्या सांध्यापाशी कार्बनचे थर सुटू लागलेले दिसले. अपेक्षेपेक्षा तिथे ताण जास्त येत होता. उड्डाण अवघ्या काही दिवसांवर आले असताना जूनमध्ये ते पुन्हा पुढे ढकलावे लागले. टायटॅनियमचे जोड बसवून तो भाग मजबूत केला गेला. त्याच उन्हाळ्यात इटलीहून आलेल्या नळकांड्यांच्या अंगावर सूक्ष्म सुरकुत्या सापडल्या आणि तिथले काम काही काळ थांबवावे लागले. पुढच्या वर्षी शेपटीच्या आडव्या पंखातल्या पाचरी नीट बसल्या नसल्याचे उघड झाले.

दरम्यान चार्ल्सटनच्या व्हॉट कंपनीला एवढ्या मोठ्या खर्चाचे ओझे पेलेनासे झाले होते. धोका वाटून घेणे हा शब्द ऐकायला गोड आहे, पण ज्याच्याशी वाटून घ्यायचा त्याची ऐपत तर हवी! २००९ मध्ये बोइंगने व्हॉटचा तो कारखानाच ५८ कोटी डॉलर मोजून विकत घेतला. शिवाय आधी दिलेल्या उचलीचे सुमारे ४२ कोटी डॉलर सोडून दिले. व्हॉट आणि अलेनिया यांचा शेजारचा भागीदारीतला कारखानाही टप्प्याटप्प्याने बोइंगकडे आला. जे काम खर्च वाचवायला बाहेर दिले होते, ते जास्त पैसे देऊन घरी आणावे लागले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पहिले विमान अखेर डिसेंबर २००९ मध्ये उडाले. पण सुरुवातीच्या तीन विमानांत इतकी उकलाउकल झाली होती की ती कोणाला विकण्याजोगी राहिली नाहीत. त्यांचा सुमारे अडीच अब्ज डॉलरचा खर्च कंपनीने संशोधनाच्या खात्यात टाकला. त्यातले पहिले विमान आता नागोयाच्या विमानतळावर संग्रहालयात उभे आहे. जिथून त्याचे पंख निघाले होते तिथेच ते परत गेले. नोव्हेंबर २०१० मध्ये टेक्सासवर चाचणी चालू असताना एका विमानाच्या वीज-कक्षात आग लागली आणि काही आठवडे चाचण्या बंद पडल्या. गिऱ्हाइकाच्या हाती पहिले विमान पडले सप्टेंबर २०११ मध्ये, ठरल्या वेळेपेक्षा तीन वर्षांहून अधिक उशिरा. सिएटल टाइम्स या वृत्तपत्राने त्या वर्षी मांडलेल्या अंदाजानुसार एकूण खर्च ३२ अब्ज डॉलरच्या घरात गेला होता. मूळ अंदाज पाच-सहा अब्जांचा होता. २०११ च्या जानेवारीत बोइंगच्या प्रवासी विमान विभागाचे तेव्हाचे प्रमुख जिम अल्बॉ यांनी सिएटलमधल्या एका व्याख्यानात मोकळेपणाने मान्य केले, की महत्त्वाची कामे स्वतःजवळ ठेवली असती तर जेवढा खर्च झाला असता, त्याहून कितीतरी जास्त ही घडी सावरण्यात गेला. हार्ट-स्मिथचा इशारा खरा ठरला होता.

पण सर्वांत मोठा धक्का अजून यायचा होता. ७ जानेवारी २०१३ रोजी बॉस्टनच्या विमानतळावर उभ्या असलेल्या जपान एअरलाइन्सच्या ७८७ मध्ये बॅटरी पेटली. नऊ दिवसांनी ऑल निप्पॉनच्या विमानात उड्डाण चालू असताना बॅटरीतून धूर येऊ लागला. ते ताकामात्सु येथे तातडीने उतरवून प्रवाशांना घसरगुंड्यांवरून बाहेर काढावे लागले. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने आपल्याकडची ७८७ विमाने जमिनीवर बसवली आणि इतर देशांनीही तेच केले. जगभरात अशी ५० विमाने होती. एका जातीच्या सगळ्या विमानांवर अमेरिकेने अशी बंदी घालण्याची वेळ १९७९ नंतर प्रथमच आली होती आणि तेव्हाचे विमान होते डीसी-१०. हार्ट-स्मिथने दाखला दिला होता तेच.

ही लिथियम-आयन बॅटरी क्योटोची जीएस युआसा कंपनी बनवत होती. ती ज्या यंत्रणेचा भाग होती ती फ्रान्सच्या थालेस कंपनीची. चार्जर अमेरिकेतल्या आणखी एका कंपनीचा. आणि हे सगळे विमानात बसवणार बोइंग. असा धूर होण्याचा प्रसंग एक कोटी उड्डाण-तासांत एकदाही येणार नाही, असा बोइंगचा हिशेब होता. प्रत्यक्षात एक लाख तास पुरे व्हायच्या आत दोन प्रसंग घडले. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने २०१४ च्या अखेरीस आपले निष्कर्ष मांडले. बॉस्टनच्या बॅटरीत एका घटात आतल्या आत शॉर्ट सर्किट झाले आणि उष्णता शेजारच्या घटांत पसरत गेली. असे होऊ शकते हे धरून पुरेशी चाचणी झाली नव्हती. मंडळाने बॅटरी बनवणाऱ्यांना, बोइंगला आणि तपासणी करणाऱ्या सरकारी प्रशासनालाही दोष दिला. कारण त्या प्रशासनाने तपासणीचे बरेच काम बोइंगच्याच माणसांवर सोपवले होते. म्हणजे एका अर्थी तपासणीही बाहेर दिली गेली होती! पुढे बॅटरी पोलादी पेटीत बंद करून, धूर थेट बाहेर जाईल अशी नळी जोडून, २०१३ च्या एप्रिलपासून विमाने पुन्हा उडू लागली.

एअर इंडियाने २००६ च्या सुरुवातीला ६८ बोइंग विमाने मागवली, त्यांत २७ ड्रीमलायनर होती. २००८ पासून मिळतील अशी अपेक्षा असलेले पहिले विमान दिल्लीला उतरले सप्टेंबर २०१२ मध्ये. चारच महिन्यांनी ताफ्यातली सहाही विमाने जमिनीवर बसली आणि मे महिन्यापर्यंत बसून राहिली. आधीच कर्जात बुडालेल्या कंपनीला हा दुहेरी फटका होता.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. या कथेत मित्सुबिशी किंवा कावासाकी यांना खलनायक ठरवणे चुकीचे होईल. या कंपन्या कसलेल्या आहेत. तसेच हा रोग एकट्या अमेरिकेचाही नाही. युरोपच्या एअरबसचे ए-३८० हे दुमजली विमान २००६ मध्ये अडले, कारण जर्मनीत हॅम्बुर्गला तयार केलेले वायरिंगचे जुडगे फ्रान्समध्ये तुलूझला धडात बसेना. दोन ठिकाणी आराखड्याच्या एकाच सॉफ्टवेअरच्या दोन वेगळ्या आवृत्त्या वापरात होत्या. तिथेही रोग तुकड्यात नव्हता, सांध्यात होता. आणि ७८७ हे विमान म्हणून फसले असेही नाही. एक हजाराहून अधिक विमाने गिऱ्हाइकांना मिळाली, इंधनाची बचत खरी ठरली, प्रवाशांना ते आवडले. २०२५ च्या जूनमध्ये अहमदाबादला एअर इंडियाच्या अशाच विमानाला झालेला भीषण अपघात आपण कोणीच विसरणार नाही. त्याच्या प्राथमिक अहवालाने उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा बंद झाल्याचे नोंदवले. तो स्वतंत्र विषय आहे. त्या दुःखाची सांगड इथल्या जुन्या कथेशी घालणे योग्य नव्हे.

पण सांध्यांची कथा संपली नव्हती. २०२० नंतर धडाची नळकांडी जिथे जुळतात तिथे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फटी सापडल्या. कागदाच्या जाडीएवढ्या फटी, पण वर्षानुवर्षे हवेच्या दाबाखाली फुगणाऱ्या-आक्रसणाऱ्या अंगात त्याही मोजाव्या लागतात. २०२१ च्या मे महिन्यापासून २०२२ च्या ऑगस्टपर्यंत नवी ७८७ विमाने गिऱ्हाइकांना देणे बंद राहिले. २०२२ मध्ये सरकारी प्रशासनाने जाहीर केले की प्रत्येक ७८७ ची शेवटची तपासणी आपण स्वतः करू, कंपनीवर सोडणार नाही. आणि २०२४ च्या जुलैमध्ये बोइंगने स्पिरिट ही कंपनी परत विकत घेण्याचा करार केला. परत अशासाठी, की कॅन्सासचा तो कारखाना मुळात बोइंगचाच होता. २००५ साली, ७८७ चे काम ऐन भरात येत असताना, तो विकून टाकला होता.

आता थोडे नागपूरकडे वळू या. एअर इंडियाच्या त्या मोठ्या मागणीच्या मोबदल्यात बोइंगने मिहानमध्ये विमान दुरुस्तीचे केंद्र उभारून दिले. ते २०१५ मध्ये एअर इंडियाकडे आले. त्याच मिहानमध्ये टाटा समूहाच्या कारखान्यात ७८७ च्या फरशीखाली बसणारे कार्बनचे बीम तयार झाले आणि परदेशी रवाना झाले. विदर्भातली आयटीआय आणि डिप्लोमा झालेली मुले ज्या विमानाच्या फरशीचा आधार घडवतात, त्या फरशीवरून जगातले प्रवासी चालतात. याचा अभिमान वाटायलाच हवा. बाहेर गेलेले काम कुणाच्या तरी घरी येते, आणि ते आपल्याही घरी आले. म्हणून बाहेर काम देणे वाईट, असा सोपा निष्कर्ष आपल्याला परवडणारा नाही आणि तो खराही नाही. ७७७ बाहेरच्या हातांनीच बनले होते आणि वेळेवर उडाले होते.

फरक एवढाच, की ७७७ च्या वेळी सांध्यांचे ज्ञान एका टेबलाशी होते आणि ७८७ च्या वेळी तेच वाटून टाकले गेले. काम वाटता येते. नफा-तोटाही वाटता येतो. पण दोन तुकडे एकमेकांत बसतील की नाही, ही काळजी वाटली की ती कोणाचीच राहत नाही. पुढच्या काळात आपल्याकडे विमानांचे, रेल्वेचे, संरक्षणाचे असे पुष्कळ काम येणार आहे. तेव्हा आपल्या वर्कशॉपमधल्या तरुणांना माझे एवढेच सांगणे, की ड्रॉइंग हातात आले की आपल्या भागाच्या मापांवर थांबू नका. याच्या शेजारी काय बसणार आहे आणि ते कोण बनवतो आहे, हे गिऱ्हाइकाला विचारा. उत्तर मिळाले नाही तर पुन्हा विचारा. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी स्वतः गिऱ्हाईक झालाच, तर हा प्रश्न विचारणाऱ्या पुरवठादाराला टाळू नका. त्याला चहा सांगा आणि टेबलाशी बसवा.